फाझिल्काला पोचायचा वायू

पंजाबातल्या फाझिल्काचे नाव महाराष्ट्रात सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. किन्नूच्या बागांचा आणि कापसाचा हा मुलूख पाकिस्तानच्या सीमेला अगदी खेटून आहे. शहराजवळच्या सादकी चौकीवर संध्याकाळी वाघा सीमेसारखाच दोन्ही देशांचे ध्वज उतरवण्याचा सोहळा होतो. दिल्लीतल्या पेट्रोलियम मंत्रालयाच्या फायलींत मात्र हे नाव गेली अनेक वर्षे ठाण मांडून आहे. तुर्कमेनिस्तानातून निघालेली एक प्रचंड वायुवाहिनी अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून फाझिल्कापाशी भारतात शिरेल, असे चार देशांनी एकमेकांना लिहून दिले आहे. चारही देशांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून या प्रकल्पाला ‘तापी’ म्हणतात.

वाहिनीची ठरलेली लांबी १,८१४ किलोमीटर. त्यातले २१४ किलोमीटर तुर्कमेनिस्तानात, ७७४ अफगाणिस्तानात आणि ८२६ पाकिस्तानात. पूर्ण क्षमतेने चालली तर वर्षाला ३,३०० कोटी घनमीटर नैसर्गिक वायू तिच्यातून वाहील. अफगाणिस्तानने ५०० कोटी घ्यायचा, पाकिस्तानने आणि भारताने प्रत्येकी सुमारे १,४०० कोटी. भारत सध्या वर्षाला साधारण ७,००० कोटी घनमीटर वायू वापरतो. म्हणजे आपल्या एकूण गरजेचा पाचवा हिस्सा एका नळीतून यायचा होता.

या कल्पनेला तीस वर्षे उलटून गेली. फाझिल्काच्या बाजूला अजून एकही नळी पुरलेली नाही. का, असे विचारले तर ‘अफगाणिस्तानात युद्ध होते ना’ हे उत्तर तयार असते. ते खोटे नाही, पण मला ते अपुरे वाटते. ही वाहिनी अडली ती जोखीम कोणी उचलायची या प्रश्नावर, आणि तो प्रश्न बंदुका थंडावल्यानंतरही तसाच शिल्लक आहे.

सुरुवात विक्रेत्यापासून करू. तुर्कमेनिस्तानच्या आग्नेयेला मारी प्रांत आहे. तिथल्या वाळवंटाखाली २००६ साली एक वायुक्षेत्र सापडले. आधी त्याला दक्षिण योलोतान म्हणत, २०११ पासून त्याचे नाव गालकिनिश आहे. ब्रिटिश सल्लागार कंपनी गॅफ्नी क्लाइन हिने केलेल्या तपासणीनंतर जगातल्या सर्वांत मोठ्या वायुक्षेत्रांत त्याची गणना होऊ लागली. त्याच्या पुढे आहे ते कतार आणि इराण यांच्या मधल्या समुद्राखालचे क्षेत्र. गालकिनिशचा वायू मिठाच्या जाड थराखालच्या चुनखडीत, चार-पाच किलोमीटर खोल अडकलेला आहे आणि तो शुद्ध नाही. त्यात हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलेले आहेत. हायड्रोजन सल्फाइड विषारी, शिवाय पोलाद खाणारा. त्यामुळे वायू वर आला की आधी गंधक काढून घेणारे मोठाले कारखाने लागतात, मगच तो नळीत सोडता येतो. असे कारखाने चिनी, कोरियन आणि आखाती कंपन्यांनी तिथे उभारले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये उत्पादन सुरू झाले.

वायू अमाप आहे, पण देशाला खुला समुद्र नाही. पश्चिमेचा कास्पियन चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला. कतारसारखे वायूचा द्रव करून तो जहाजात भरावा आणि जगात जिथे भाव चांगला तिथे पाठवावा, ही सोय तुर्कमेनिस्तानला नाही. त्याला नळीच हवी, आणि नळी ज्या दिशेला जाते तिथला ग्राहक मग डोईजड होतो. सोव्हिएत काळातल्या सगळ्या नळ्या उत्तरेला रशियाकडे जायच्या. एप्रिल २००९ मध्ये या मार्गावर स्फोट झाला. रशियाने अचानक वायू घेणे कमी केल्यामुळे नळीतला दाब वाढला, असा आरोप तुर्कमेनिस्तानने केला. पुढे जानेवारी २०१६ मध्ये रशियाच्या गाझप्रोमने खरेदी पूर्ण थांबवली आणि ती २०१९ साली, पूर्वीपेक्षा कितीतरी कमी प्रमाणात, पुन्हा सुरू केली. इराणकडे जाणारा वायू थकलेल्या पैशांच्या भांडणात १ जानेवारी २०१७ रोजी तुर्कमेनिस्ताननेच बंद केला. उरला चीन. डिसेंबर २००९ मध्ये सुरू झालेली मध्य आशिया-चीन वाहिनी उझबेकिस्तान आणि कझाकस्तान पार करून चीनच्या हद्दीवरच्या होर्गोसला पोचते. गालकिनिशच्या विकासासाठी कर्जही चीननेच दिले आणि त्याची परतफेड वायूच्या रूपात झाली. एकाच मोठ्या ग्राहकावर जगणाऱ्या देशाला तापी इतकी प्रिय का, हे यातून कळते. १९९३ पासून नागरिकांना घरगुती वायू, वीज आणि पाणी फुकट देणाऱ्या या सरकारने जानेवारी २०१९ पासून ती सवलतही बंद केली.

नळी म्हणजे नेमके काय असते, हेही जरा जवळून पाहायला हवे. तापीच्या नळीचा व्यास ५६ इंच, म्हणजे सुमारे १.४२ मीटर. आठ-नऊ वर्षांचे मूल तिच्यात ताठ उभे राहील. अशा नळ्या साधारण बारा-बारा मीटरच्या तुकड्यांत येतात आणि एकेका तुकड्याचे वजन आठ टनांच्या आसपास भरते. १,८१४ किलोमीटरला असे दीड लाख तुकडे लागतील. म्हणजे जवळपास तेवढेच सांधे, प्रत्येक सांधा वेल्डिंगचा, आणि प्रत्येक वेल्डिंग क्ष-किरणांनी किंवा ध्वनिलहरींनी तपासून घ्यायचे. आत वायूचा दाब वातावरणाच्या शंभरपट असतो, तेव्हा एक कच्चा सांधाही परवडत नाही. पोलादाला बाहेरून प्लास्टिकचे आवरण देतात. त्यावर जमिनीत सौम्य विद्युतप्रवाह सोडून नळीला गंज चढणार नाही अशी व्यवस्था करतात. मग खंदकात ठेवून तिला मातीखाली पुरतात.

वायू मात्र एकदा ढकलला की शेवटपर्यंत जात नाही. नळीच्या भिंतीशी घर्षण होऊन दाब उतरत जातो, म्हणून दर शे-दीडशे किलोमीटरवर कॉम्प्रेसर स्टेशन लागते. तिथे टर्बाइनवर चालणारी यंत्रे वायू पुन्हा दाबून पुढे ढकलतात आणि दाबल्यामुळे तापलेला वायू थंड करून सोडतात. या टर्बाइनना इंधन म्हणून नळीतलाच थोडा वायू लागतो, म्हणजे प्रवासाची किंमत मालातूनच वसूल होते. ही स्टेशने कायम चालती ठेवावी लागतात. पुरलेली नळी सहसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही; कॉम्प्रेसर स्टेशन मात्र उघड्यावर उभे असते आणि त्याची राखण करावी लागते. तापीच्या आखणीत पहिल्या टप्प्यात कॉम्प्रेसर न बसवता, उगमाच्या दाबावर जेवढा वाहील तेवढाच, म्हणजे क्षमतेच्या साधारण एक तृतीयांश वायू सोडायचा असे ठरले, त्यामागे खर्चाइतकाच हाही विचार असणार. वेळोवेळी नळीच्या आतून ‘पिग’ नावाचे साधन सोडतात. वायूच्याच जोरावर ते पुढे सरकते आणि जाता जाता आतला गाळ पुसते, भिंत कुठे पातळ झाली आहे तेही नोंदवते. हे सगळे चाळीस-पन्नास वर्षे सातत्याने करत राहायचे असते.

आता इतिहास. अर्जेंटिनाच्या ब्रिदास कंपनीचे कार्लोस बुल्घेरोनी यांनी ही कल्पना पहिल्यांदा जिद्दीने पुढे रेटली. १५ मार्च १९९५ रोजी पाकिस्तानच्या पंतप्रधान बेनझीर भुट्टो आणि तुर्कमेनिस्तानचे अध्यक्ष सापारमुरात नियाझोव्ह यांनी सामंजस्य करारावर सह्या केल्या. सात महिन्यांत नियाझोव्ह यांचे मन फिरले. ऑक्टोबर १९९५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी अमेरिकेच्या युनोकल आणि सौदीच्या डेल्टा ऑइल या कंपन्यांशी करार केला. ब्रिदासने युनोकलवर टेक्सासच्या न्यायालयात दावा ठोकला, तो टिकला नाही. १९९७ साली युनोकलच्या नेतृत्वाखाली सेंटगॅस हा कंपन्यांचा गट उभा राहिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तालिबानचे शिष्टमंडळ युनोकलचे पाहुणे म्हणून टेक्सासला जाऊन आले. ऑगस्ट १९९८ मध्ये केनिया आणि टांझानियातल्या अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले. अमेरिकेने अफगाणिस्तानातल्या तळांवर क्षेपणास्त्रे डागली. युनोकलने काम थांबवले आणि वर्षअखेरीस अंग काढून घेतले.

अफगाणिस्तानला परदेशात वायू पाठवणे त्याआधी अपरिचित नव्हते. उत्तरेकडच्या शिबर्गानचा वायू १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सोव्हिएत संघात जात असे. आज अफगाणिस्तानकडे केवळ वाटेवरचा देश म्हणून पाहिले जाते, पण तेव्हा तो स्वतः विक्रेता होता. सोव्हिएत फौजा १९८९ साली परतल्या आणि ती निर्यातही संपली.

तालिबानची पहिली राजवट गेल्यावर डिसेंबर २००२ मध्ये तुर्कमेनिस्तानची राजधानी अश्गाबादला नियाझोव्ह, अफगाणिस्तानचे हमीद करझाई आणि पाकिस्तानचे पंतप्रधान जफरुल्ला खान जमाली यांनी पुन्हा करार केला. आता मागे कंपनी नव्हती, आशियाई विकास बँक होती. भारत २००८ साली रीतसर आत आला. ११ डिसेंबर २०१० रोजी अश्गाबादमध्ये चार देशांचा मूळ करार झाला. बाकी तिघांच्या बाजूने राष्ट्राध्यक्ष होते, भारताच्या बाजूने मुंबईचे मुरली देवरा, तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री. मे २०१२ मध्ये कास्पियनच्या काठावर अवाझा इथे खरेदी-विक्रीचा करार झाला आणि भारताकडून ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीने सही केली. १३ डिसेंबर २०१५ रोजी मारीजवळ भूमिपूजन झाले, त्याला उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हजर होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये अफगाण हद्दीतल्या कामाचा शुभारंभ झाला. त्या आसपास कंदाहार भागात सुरुंग काढणारे कामगार मारले गेले. या वाहिनीसाठी रक्त सांडले ते त्यांचे, पण समारंभांच्या बातम्यांत त्यांची दखल फारशी घेतली गेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले आणि आशियाई विकास बँकेने काम थांबवले.

या यादीत समारंभ भरपूर दिसतात, पण कर्जाच्या करारावर सही झाल्याची तारीख त्यात कुठेच नाही. माझ्या मते तापीची खरी गोष्ट इथे आहे.

अशी वाहिनी बांधायला सात ते दहा अब्ज डॉलर लागतील असे अंदाज वेळोवेळी मांडले गेले. एवढा पैसा कोणतेही सरकार खिशातून काढत नाही, बँकांकडून घेते. बँक तीन गोष्टी पाहते: वायू नक्की येणार का, तो कोणी नक्की घेणार का, आणि अशी वाहिनी बांधून चालवण्याचा अनुभव कोणाकडे आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी करारात ‘टेक ऑर पे’ हे कलम असते. ग्राहकाने वायू घेतला नाही तरी ठरलेल्या प्रमाणातले पैसे भरायचे. करार तीस वर्षांचा असल्याने हे ओझे दोन पिढ्यांवर पडते. तिसऱ्या प्रश्नावर घोडे अडले. मोठ्या पाश्चात्त्य तेल कंपन्यांनी रस दाखवला होता, पण त्यांची अट होती की वायुक्षेत्रात वाटा द्या. वाहिनी मुलखातल्या सर्वांत धोक्याच्या वाटेने जाणार, भाड्यात फारसे सुटणार नाही, तेव्हा जोखमीचा मोबदला विहिरीतून मिळावा, एवढाच त्यांचा हिशोब होता. तुर्कमेनिस्तानचे धोरण मात्र ठाम आहे: जमिनीवरच्या क्षेत्रांत परक्यांना वाटा नाही, आम्ही आमच्या हद्दीवर वायू विकू, पुढचे तुम्ही पाहा.

सार्वभौम देशाला असे म्हणायचा पूर्ण हक्क आहे. वसाहतवादाचा अनुभव घेतलेल्या कोणालाही ते पटेल. पण हद्दीवर वायू विकणाऱ्याने पुढच्या सोळाशे किलोमीटरची जोखीम दुसऱ्यावर टाकलेली असते आणि ती घेणारा दुसरा कोणी पुढे आला नाही. अखेर २०१५ साली सरकारी तुर्कमेनगाझ कंपनीच वाहिनीच्या कंपनीची पुढारी झाली. तिच्याकडे ८५ टक्के भाग आणि अफगाण, पाकिस्तानी, भारतीय कंपन्यांकडे प्रत्येकी ५ टक्के. तुर्कमेनगाझने देशाबाहेर, तेही युद्धग्रस्त मुलखात, एवढी वाहिनी कधी बांधलेली नव्हती. बँकांचा हात आखडला तो इथे.

आता भारताची बाजू. कालव्याच्या टेलला ज्याचे शेत आहे त्याला आपली अडचण समजावून सांगावी लागणार नाही. पाळी सुटली तरी वरचे शेतकरी भिजवणी उरकेपर्यंत पाणी खाली येत नाही आणि पाणीपट्टी मात्र सगळ्यांना सारखी. तापीच्या टेलला भारत आहे. वायू आपल्यापर्यंत येण्याआधी हेरात, फराह, हेलमंद, कंदाहार, चमन, क्वेट्टा, मुलतान असा सगळा प्रवास व्हायचा आणि वाटेत दोन देशांना भाडे द्यायचे. वायू तुर्कमेनिस्तानच्या हद्दीवर आपल्या मालकीचा झाला, तर वाटेत अडला तरी पैसे आपलेच अडकणार. म्हणून ‘ताबा फाझिल्काला मिळाला तरच पैसे’ हा आग्रह भारतीय बाजूने धरला जातो तेव्हा तो मला रास्तच वाटतो.

शत्रूच्या मुलखातून वायू येऊ शकत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर चाल केली, तरी रशियाचा वायू युक्रेनमधून युरोपला पुढची जवळपास तीन वर्षे जात होता. शहरांवर क्षेपणास्त्रे पडत होती आणि त्याच देशाच्या नळीतून वाहतुकीचे भाडे भरून वायूही जात होता. तो थांबला १ जानेवारी २०२५ ला, पाच वर्षांचा करार संपला आणि युक्रेनने नवा केला नाही म्हणून. करार पक्का असेल, नळी आधीच बांधलेली असेल आणि दोघांनाही पैशांची गरज असेल, तर वैरीसुद्धा वायू वाहू देतात. पण युद्ध चालू असताना नवी नळी कोणी बांधत नाही. तापी या दोन गोष्टींच्या मधल्या खिंडीत सापडली.

भारताने तीस वर्षे वाट पाहिली असती तर चुली विझल्या असत्या. आपण समुद्राची वाट धरली. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान सहाशेपटीने घटते. तो थर्माससारख्या टाक्यांच्या जहाजांतून येतो आणि बंदरावर पुन्हा गरम करून नळ्यांत सोडला जातो. यालाच एलएनजी म्हणतात. जानेवारी २००४ मध्ये कतारहून पहिले जहाज गुजरातेत दहेजला आले. त्यानंतर हजिरा, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले दाभोळ, कोची, एन्नोर, मुंद्रा, धामरा अशी टर्मिनले उभी राहिली. दाभोळला लाटा अडवणारा बांध अनेक वर्षे अपुरा असल्याने पावसाळ्यात जहाजे लागत नसत. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाच्या काळापासून त्या जागेने महाराष्ट्राला जे मनस्ताप दिले त्यांत हाही एक. तापीतून यायचा होता तेवढा वायू जहाजाने आणायचा तर वर्षाला सुमारे एक कोटी टन एलएनजी लागेल. मोठ्या जहाजांचा हिशोब धरला तर दर तिसऱ्या दिवशी एक जहाज. ते जमण्यासारखे आहे आणि आपण ते जमवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पेट्रोनेट एलएनजीने कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०४८ पर्यंत वाढवून घेतला.

समुद्राचीही किंमत असते. २०२२ साली युरोपने रशियाचा वायू सोडून जहाजे मिळेल त्या भावाने उचलायला सुरुवात केली, तेव्हा एलएनजीचे हजर बाजारातले भाव कित्येक पटींनी चढले. गाझप्रोमच्या एका कंपनीशी ‘गेल’चा दीर्घ मुदतीचा करार होता, त्यातली जहाजे येईनाशी झाली. अशा वेळी खत कारखान्यांचा जीव टांगणीला लागतो. युरिया म्हणजे एका अर्थी घन रूपातला नैसर्गिक वायूच. आपल्याकडे थळ आणि ट्रॉम्बे इथले राष्ट्रीय केमिकल्सचे कारखाने वायूवर चालतात, तसेच पंजाबातले भटिंडा आणि नांगलचेही. वायूचा भाव चढला की युरियाच्या अनुदानाचा बोजा केंद्राच्या तिजोरीवर येतो. तापीचा भारताला नेमका फायदा इथे होता. भटिंडा फाझिल्कापासून फार दूर नाही. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेला वायू हजारभर किलोमीटर वर नेण्याऐवजी उत्तर भारताला तो दारात मिळाला असता. महाराष्ट्राच्या वाट्याला तापीचा रेणूही आला नसता, पण उत्तरेची गरज तिकडून भागली असती तर दहेज-दाभोळचा वायू पश्चिमेला अधिक राहिला असता. भारताने वायूचा हिस्सा ऊर्जेच्या एकूण वापरात सहा-सात टक्क्यांवरून २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले तेव्हा अशा अनेक वाटा गृहीत होत्या.

दुसरी एक वाट इराणहून यायची होती. इराण-पाकिस्तान-भारत वाहिनीची चर्चा १९९० च्या दशकात बरीच रंगली आणि मणिशंकर अय्यर पेट्रोलियम मंत्री असताना तिला जोर आला. पुढे भाव, सुरक्षितता आणि अमेरिकेचे निर्बंध यांत ती बुडाली. भारत बाजूला झाला. इराण आणि पाकिस्तानने मार्च २०१३ मध्ये पाकिस्तानी हद्दीतल्या कामाचा शुभारंभ केला, पण पाकिस्तानने आपला भाग बांधला नाही.

तापी तरीही मेलेली नाही. ११ सप्टेंबर २०२४ रोजी तुर्कमेन-अफगाण सीमेवर पुन्हा समारंभ झाला. तुर्कमेनिस्तानचे माजी अध्यक्ष गुर्बांगुली बेर्दिमुहामेदोव्ह आणि तालिबान सरकारचे पंतप्रधान हसन अखुंद हजर होते. आपल्या हद्दीतले काम पूर्ण झाल्याचे तुर्कमेनिस्तान सांगतो. सीमेवरच्या सेर्हेताबादपासून हेरातपर्यंतचा सुमारे १५३ किलोमीटरचा तुकडा आता तुर्कमेन पैशांवर बांधायचा आहे. सेर्हेताबाद म्हणजे जुने कुश्का, झारच्या आणि नंतर सोव्हिएत साम्राज्याच्या दक्षिण टोकाचे ठाणे. १९७९ साली सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या त्या वाटांपैकी एक इथून जात होती. त्याच वाटेने वायू हेरातला गेला तर मला मनापासून आनंद होईल. हेरातचा हिवाळा कडक असतो. लाकूड आणि कोळसा जाळून घरे उबदार ठेवणाऱ्या त्या शहराला, तिथल्या कारखान्यांना आणि वीजनिर्मितीला हा वायू मिळाला तर ती तापीची मोठीच कामगिरी ठरेल. त्यासाठी तालिबान राजवटीला मान्यता देण्याचा प्रश्न वेगळा ठेवता येतो, असे माझे मत आहे. मुलींच्या शाळा बंद करणारे सरकार चूक आहे, आणि त्या सरकारच्या अमलाखाली थंडीत कुडकुडणारी घरे हे वेगळे वास्तव आहे.

हेरातच्या पुढचा रस्ता मात्र आज बंद दिसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाकिस्तान आणि तालिबान यांच्यात सीमेवर लढाई झाली आणि चमनसारखी नाकी बंद पडली. वाहिनी ज्या चमनमधून पाकिस्तानात शिरायची, तेच हे चमन. फाझिल्काच्या बाजूला तर स्थिती त्याहून वाईट. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने १९६० चा सिंधू जलकरार स्थगित ठेवला. तीन युद्धांत टिकलेला करार जिथे थांबला, तिथे तीस वर्षे अखंड चालायला हवा असा नवा वायुकरार कोणती बँक उचलून धरेल?

भारताने ‘गेल’चा ५ टक्के भाग सोडावा असे मी म्हणणार नाही. तो ठेवायला फारसा खर्च येत नाही आणि चार देशांच्या बैठकीतली खुर्ची एकदा सोडली की परत मिळत नाही. पण ऊर्जेच्या नियोजनात तापीचा एक घनमीटरही धरू नये. वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते: ‘तापीचे काम सुरू’ ही बातमी पुन्हा येईल, आणि तीत नेत्यांची छायाचित्रे असतील. तेव्हा मंचावर कोण होते ते सोडून तीन गोष्टी शोधा. कर्ज कोणत्या बँकेने दिले, कॉम्प्रेसर कोणाकडून मागवले, आणि वायूचा ताबा भारताला कुठे मिळणार असे करारात लिहिले आहे. या तिन्हींची उत्तरे बातमीत नसतील, तर फाझिल्कात खोदकाम सुरू होणार नाही.